वॉटरफॉल चार्टमधल्या खांबांचे रंग: काजू कारखान्याच्या अहवालावरून सविस्तर

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या काजू कारखान्याचं वर्ष बीच्या खरेदीवर ठरतं. मार्च ते मे या दिवसांत बी बाजारात येते. तेव्हाच पुढच्या महिन्यांचा साठा करून ठेवावा लागतो आणि त्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं घ्यायचं खेळतं कर्ज, उचलावं लागतं. मग बॉयलिंग, कटिंग, सोलाई, ग्रेडिंग करत तो पैसा हळूहळू सुटा होत जातो. वर्ष संपलं की भागीदार, बँकेचा अधिकारी आणि सीए या तिघांचाही प्रश्न एकच असतो: गेल्या वर्षी एवढा नफा होता, यंदा एवढाच का?

या प्रश्नाला वॉटरफॉल चार्टइतकं सरळ उत्तर दुसरा चार्ट देत नाही. डावीकडे गेल्या वर्षीच्या नफ्याचा खांब, उजवीकडे यंदाच्या नफ्याचा, आणि मध्ये एकेका कारणाचे तरंगते खांब. कुठल्या कारणाने किती भर पडली आणि कुठल्या कारणाने किती गळती झाली, ते क्रमाने दिसतं. पण एक्सेल जसा रंगवून देतो तसाच चार्ट अहवालात चिकटवला, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. म्हणून हा लेख फक्त रंगांवर आहे.

एक गोष्ट आधी ठरवून टाकू. आकडा वर गेला की खाली आला, हे खांबाची जागाच सांगते. तेच रंगाने पुन्हा सांगण्यात रंग वाया जातो. रंगाने सांगायचं ते हे की झालेली गोष्ट धंद्याला बरी होती की वाईट. आणि एकदा ठरलेला अर्थ अहवालाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बदलता कामा नये. पुढचे सगळे टप्पे याच एका नियमावर उभे आहेत.

आकडे आधी नीट मांडा

उदाहरणासाठी एक कारखाना घेऊ. आकडे लाख रुपयांत आहेत आणि फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. उतारा म्हणजे बीतून निघणाऱ्या गराचं प्रमाण.

गेल्या वर्षीचा नफा: १८.०
काजूगराचा दर वाढला: ११.०
टरफल विक्री: १.५
काजू बी महागली: −८.०
उतारा घटला: −१.५
खरेदी-विक्रीनंतर: २१.०
मजुरी: −२.४
वीज व इंधन: −०.९
पॅकिंग व वाहतूक: −१.२
व्याज: −१.५
यंदाचा नफा: १५.०

दोनच रकाने पुरतात, एकात नाव आणि दुसऱ्यात आकडा. गळतीचे आकडे उणे चिन्हासह लिहायचे. ‘खरेदी-विक्रीनंतर’ आणि ‘यंदाचा नफा’ या दोन ओळींत आकडा हाताने टाकू नका, वरच्या ओळींच्या बेरजेचं सूत्र ठेवा. मात्र शेवटच्या ओळीचं सूत्र करताना मधला २१.० पुन्हा बेरजेत धरला जाणार नाही याकडे लक्ष असू द्या. २१.० पासून पुढच्या चार ओळी मिळवल्या की १५.० येतात. ते आले नाहीत तर आधी सूत्र तपासा, चार्टकडे नंतर वळा.

नावं आखूड ठेवा. देवनागरीत काना-मात्रांमुळे अक्षरं रुंद होतात, आणि ‘मागील आर्थिक वर्षातील करपूर्व निव्वळ नफा’ असं नाव दिलं तर एक्सेल ते तिरकं करून खांबांखाली कोंबतो. ‘गेल्या वर्षीचा नफा’ एवढं पुरे. सविस्तर नाव खाली टिपणात द्यावं.

चार्ट काढणं आणि बेरजेचे खांब जमिनीवर आणणं

हा चार्ट एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून तयार मिळतो. दोन्ही रकाने निवडा, इन्सर्ट टॅबवर जा, चार्ट्सच्या गटात वॉटरफॉलचं चिन्ह आहे ते दाबा. चार्ट येतो, पण चुकीचा येतो. २१.० आणि १५.० हे दोन खांब हवेत चढलेले दिसतात, कारण एक्सेल त्यांनाही नवी भर समजतो.

‘खरेदी-विक्रीनंतर’च्या खांबावर एकदा क्लिक करा, सगळे खांब निवडले जातील. क्षणभर थांबून त्याच खांबावर पुन्हा क्लिक करा, आता फक्त तोच निवडला जाईल. घाईने दोन क्लिक केले तर एक्सेल त्याला डबल क्लिक समजतो, म्हणून थांबणं महत्त्वाचं. मग उजवं बटण दाबून ‘सेट ॲज टोटल’ निवडा. खांब खाली येऊन शून्यापासून उभा राहतो आणि त्याचा रंगही बदलतो. ‘यंदाचा नफा’ला तेच करा.

आणि बरेच जण विसरतात ते म्हणजे पहिला खांब. ‘गेल्या वर्षीचा नफा’ आधीच शून्यापासून उभा असल्यामुळे तो बरोबर वाटतो, पण एक्सेलच्या लेखी ती ‘वाढ’ असते आणि त्याला वाढीचा रंग असतो. त्यालाही ‘सेट ॲज टोटल’ करा. सुरुवात, मधला टप्पा आणि शेवट या तिघांचा रंग एकच असायला हवा, कारण ते कारण नसून शिल्लक आहेत.

एक्सेलचे मूळ रंग का चालत नाहीत

एक्सेल हे रंग स्वतः निवडत नाही, फाइलच्या थीममधून, म्हणजे तिच्या ठरलेल्या रंगसंचातून, उचलतो. त्या संचातल्या मुख्य रंगांना ‘ॲक्सेंट’ म्हणतात. वाढीला पहिला ॲक्सेंट रंग, घटीला दुसरा, बेरजेला तिसरा. २०१३ ते २०२२ च्या ऑफिस थीममध्ये हे तीन रंग निळा, नारिंगी आणि राखाडी होते. त्यावर काम भागायचं. २०२३ पासूनच्या थीममध्ये ते गडद निळसर, नारिंगी आणि गडद हिरवा झाले. म्हणजे आता बेरजेचा खांब हिरवा येतो.

आपल्या उदाहरणात याचा परिणाम बघा. नफा १८ वरून १५ वर आला, तीन लाखांनी घटला, आणि दोन्ही टोकांचे खांब ठसठशीत हिरवे. भागीदार चार्टवर नुसती नजर टाकतो आणि त्याला वाटतं सगळं ठीक आहे. हिरवा म्हणजे बरं हे आपल्या डोक्यात सिग्नलपासून पक्कं बसलेलं असतं. बेरजेच्या खांबाला बरं-वाईट काहीच म्हणायचं नसतं, त्यामुळे त्याचा रंग तटस्थच हवा.

मग वाढ हिरवी, घट लाल असं करावं का? अनेक अहवालांत तसंच असतं, आणि मी तो सल्ला देणार नाही. लाल आणि हिरव्यातला फरक नीट न ओळखू शकणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतात. हा दोष बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो पुरुषांत स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो. संचालकांच्या बैठकीत बसलेल्यांपैकी एखाद्याला तो असू शकतो, आणि तो माणूस ते बोलून दाखवेलच असं नाही.

जपानचे मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी अशा वाचकांनाही वेगळे ओळखता येतील असे काही रंग सुचवले आहेत, आणि ते जगभर वापरले जातात. त्यांतले निळा आणि नारिंगी मी घेतो (कंसात त्या रंगातल्या लाल, हिरव्या आणि निळ्याचं प्रमाण, ० ते २५५ मध्ये):

नफ्यात भर: निळा (लाल ०, हिरवा ११४, निळा १७८)
नफ्यात गळती: नारिंगी (लाल २३०, हिरवा १५९, निळा ०)
शिल्लक: गडद राखाडी (तिन्ही ५१)

राखाडी माझा आहे, आणि तो एवढा गडद घेण्याला कारण आहे. अहवाल रंगीत बनतो, पण बँकेत आणि सभेत फिरते ती त्याची काळी-पांढरी झेरॉक्स. तिथे रंग जातो, फक्त गडद-फिकटपणा उरतो. तो आधीच मोजता येतो: लाल आकड्याला ०.२९९ ने, हिरव्याला ०.५८७ ने आणि निळ्याला ०.११४ ने गुणून तिन्हींची बेरीज करा. उत्तर ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आपला निळा ८७ येतो, नारिंगी १६२ आणि राखाडी ५१. तिन्हींत भरपूर अंतर आहे, म्हणून झेरॉक्समध्येही खांब वेगळे दिसतात. त्याऐवजी मध्यम राखाडी, तिन्ही ८९ असलेला, घेतला असता तर? पडद्यावर तो निळ्यापासून अगदी वेगळा दिसतो. कागदावर ८७ आणि ८९ मधला फरक कुणालाच कळला नसता.

कंपनीच्या लोगोचे रंग वापरायचे असतील तर हा हिशोब त्यांनाही लावा. लोगोत हापूसचा केशरी आणि पानाचा पोपटी असला तरी चार्टमध्ये ते दोन्ही सारखेच करडे उतरू शकतात. दोन रंगांत निदान तीसचं अंतर असावं, असं मी धरतो.

रंग बदलण्याचा पक्का मार्ग: थीम

पेज लेआऊट टॅबवर ‘कलर्स’ आहे, त्याच्या यादीत सगळ्यात खाली ‘कस्टमाइझ कलर्स’. उघडलेल्या चौकटीत ॲक्सेंट १, २ आणि ३ शोधा. प्रत्येकाशेजारचा बाण दाबून ‘मोअर कलर्स’, मग ‘कस्टम’ असं गेलं की लाल, हिरवा, निळा असे तीन खाने मिळतात. ॲक्सेंट १ मध्ये निळ्याचे आकडे, २ मध्ये नारिंगीचे, ३ मध्ये राखाडीचे भरा. आकडे इंग्रजी अंकांतच टाका. खाली नाव द्या, ‘काजू अहवाल’ असं काहीही चालेल, आणि सेव्ह करा.

फाइलमधले सगळे वॉटरफॉल चार्ट एकदम नव्या रंगात येतात. पुढच्या वर्षी नवी फाइल केली तरी त्याच संगणकावर ‘कलर्स’च्या यादीत तुमचं नाव वर दिसतं. वर्ड आणि पॉवरपॉइंटलाही तीच यादी मिळते, त्यामुळे अहवाल आणि सभेतलं सादरीकरण एकाच रंगात होतं.

याहून मोठा फायदा असा की रंग आकड्याच्या चिन्हाला बांधलेला राहतो. ऑडिटनंतर ‘टरफल विक्री’ १.५ ची −०.३ झाली तर खांब आपोआप निळ्याचा नारिंगी होतो. आकडे शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतात हे ज्याने वार्षिक अहवाल केला आहे त्याला सांगायला नको, म्हणून मी थीमलाच पहिली पसंती देतो.

एकच खबरदारी. थीम बदलली की फाइलमधल्या इतर चार्टांचे आणि ॲक्सेंट रंगाने रंगवलेल्या तक्त्यांचेही रंग बदलतात. म्हणून हे काम अहवाल सजवायच्या आधी करा.

एकाच चार्टपुरता बदल: लिजंडमधून

कधी एका चार्टचेच रंग बदलायचे असतात. सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग खर्चाच्या चार्टचा. समजा पुढच्या पानावर ‘एक किलो काजूगरामागे प्रक्रिया खर्च’ हा वॉटरफॉल आहे, गेल्या वर्षापासून यंदापर्यंत. इथे खांब वर जाणं म्हणजे खर्च वाढणं. एक्सेल त्याला ‘वाढ’ म्हणून आपला बरा-निळा देईल, आणि वाचणाऱ्याने मागच्या पानावर निळा म्हणजे फायदा असं शिकलेलं आहे. मजुरी वाढली आणि खांब निळा! अहवालावरचा विश्वास अशाच ठिकाणी उडतो. खर्चाच्या चार्टमध्ये रंगांची अदलाबदल करायलाच हवी, वाढ नारिंगी आणि घट निळी.

लिजंड, म्हणजे चार्टच्या वर दिसणारी तीन छोट्या चौकोनांची ओळ, तिथून हे होतं. ती दिसत नसेल तर चार्ट निवडल्यावर शेजारी येणाऱ्या अधिकच्या चिन्हातून ‘लिजंड’ चालू करा. लिजंडवर एकदा क्लिक करा, मग थांबून ‘इन्क्रीज’ या नोंदीवर क्लिक करा. चौकट फक्त त्या नोंदीभोवती दिसली पाहिजे. आता फॉरमॅट टॅबवरच्या ‘शेप फिल’मधून नारिंगी द्या. त्या गटातले सगळे खांब एकत्र बदलतात. ‘डिक्रीज’ला तसाच निळा द्या.

हे झाल्यावर कुठलाही एक आकडा तात्पुरता उलट चिन्हाचा करून बघा. खांबाने रंग बदलला तर ठीक. नाही बदलला तर आकडे अंतिम झाल्यावर हेच काम पुन्हा करायचं, अशी नोंद फाइलमध्येच लिहून ठेवा.

लिजंडमधली ‘इन्क्रीज’, ‘डिक्रीज’ ही नावं मराठी अहवालात खटकतात आणि या चार्टमध्ये ती हवी तशी बदलता येत नाहीत. माझा उपाय साधा आहे. रंगकाम झालं की लिजंड काढून टाकायची आणि चार्टच्या खालच्या खान्यांना तेच रंग भरून शेजारी मराठीत लिहायचं: ‘नफ्यात भर’, ‘नफ्यात गळती’, ‘शिल्लक’. खर्चाच्या चार्टखाली ‘खर्च वाचला’, ‘खर्च वाढला’. अर्थ शब्दांत लिहिला की खर्चाच्या चार्टमध्ये रंग का उलटले तेही वाचणाऱ्याला तिथेच कळतं.

एकच खांब उठून दिसायला हवा असेल तर

थांबून-थांबून दोन क्लिक करून एकच खांब निवडा आणि ‘शेप फिल’मधून रंग द्या. सोपं आहे, म्हणून मोह होतो. पण असा दिलेला रंग त्या खांबाला चिकटतो, आकड्याचं चिन्ह बदललं तरी तोच राहतो. आणि मध्ये नवी ओळ घातलीत तर कुठला रंग कुठल्या खांबावर गेला हे डोळ्यांनी तपासावं लागतं.

तरीही एक जागा अशी आहे जिथे मी हे करेन. आपल्या चार्टमध्ये ‘काजू बी महागली’ ही सगळ्यात मोठी गळती, आठ लाखांची. सभेत चर्चा तिच्यावरच व्हायला हवी असेल, तर तेवढा खांब नारिंगीच ठेवून बाकीच्या गळतीचा नारिंगी फिकट करता येतो. रंगाचं कूळ तेच राहिलं पाहिजे, म्हणजे अर्थ बदलत नाही. जांभळा किंवा पिवळा असा चौथाच रंग आणू नका. तो दिसला की वाचणारा त्याचा अर्थ शोधत बसतो. आणि एका चार्टमध्ये एकच खांब असा उठवा.

बाजारामुळे की आपल्यामुळे

गळती सगळी एकाच जातीची नसते. काजू बीचा दर आपल्या हातात नाही. इथली बी कमी पडते, आफ्रिकेतून येणाऱ्या बीवर बरेच कारखाने चालतात, आणि तिकडचा भाव वेंगुर्ल्यात बसून ठरत नाही. पण उतारा घटला तर त्याचं उत्तर बऱ्याचदा आपल्या अंगणातच असतं. शंभर किलो बीतून साधारण पंचवीस ते तीस किलो गर निघतो. ओली बी वजनावर घेतली, वाळवण नीट झाली नाही, कटिंगला अख्ख्याचे तुकडे जास्त पडले, की पैसे गळतात. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पाउंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतील असा दर्जा. तोच माल तुकड्यात गेला की दर उतरतो. बँकेच्या अधिकाऱ्याला हाच फरक जाणून घ्यायचा असतो: कारखाना बाजारामुळे अडचणीत आहे की कारभारामुळे?

एक्सेलचा तयार वॉटरफॉल चार्ट तीनच गट ओळखतो, त्यामुळे चौथा रंग नियमाने देता येत नाही. इथे जुनी पद्धत कामी येते, रचलेल्या स्तंभांची. ती २०१६ च्या आधीच्या एक्सेलमध्येही चालते आणि लिब्रे ऑफिसमध्येही.

नाव, प्रकार आणि बदल असे तीन रकाने करा. प्रकारात ‘बाजार’ किंवा ‘कारभार’ लिहा. बेरजेच्या ओळींत बदल शून्य ठेवा आणि पहिल्या ओळीत १८.०. मग ‘चालती शिल्लक’: आधीची शिल्लक अधिक या ओळीचा बदल. त्यापुढे पाच रकाने.

तळ: आधीची आणि आताची शिल्लक यांतली लहान संख्या, मिन सूत्राने. बेरजेच्या ओळींत आणि पहिल्या ओळीत तळ शून्य.
भर: बदल शून्याहून मोठा असेल तर तो, नाही तर शून्य. पहिल्या ओळीत शून्यच.
बाजारातली गळती: बदल उणे आणि प्रकार ‘बाजार’ असेल तर बदल उणे चिन्ह काढून, नाही तर शून्य.
कारभारातली गळती: तसंच, प्रकार ‘कारभार’ असेल तर.
शिल्लक: फक्त पहिल्या आणि बेरजेच्या ओळींत चालती शिल्लक, बाकी रिकामं.

‘काजू बी महागली’ची ओळ करून बघा. आधीची शिल्लक १८.० अधिक ११.० अधिक १.५, म्हणजे ३०.५. आताची २२.५. तळ २२.५, बाजारातली गळती ८.०. पुढची ‘उतारा घटला’: तळ २१.०, कारभारातली गळती १.५. या दोन ओळी जुळल्या की सूत्रं खाली ओढून घ्यायला हरकत नाही.

आता नावाचा रकाना आणि हे पाच रकाने निवडून ‘स्टॅक्ड कॉलम’ चार्ट काढा. तळाच्या मालिकेवर क्लिक करून ‘नो फिल’ करा, ती अदृश्य होते आणि वरचे तुकडे तरंगू लागतात. लिजंडमधली ‘तळ’ ही नोंद निवडून काढून टाका. ‘फॉरमॅट डेटा सिरीज’मध्ये गॅप विड्थ, म्हणजे खांबांमधली मोकळी जागा, पन्नास टक्क्यांच्या आसपास आणली की खांब भरीव दिसतात. मग रंग द्या. भर निळी, शिल्लक गडद राखाडी, बाजारातली गळती आधीचा नारिंगी, आणि कारभारातल्या गळतीला शेंदरी: लाल २१३, हिरवा ९४, निळा ०. वरच्या हिशोबात हा शेंदरी ११९ येतो. म्हणजे ५१, ८७, ११९, १६२ अशी पायरीपायरीने चढणारी मांडणी मिळते आणि झेरॉक्समध्ये चारही ओळखू येतात. भरीचेही असेच दोन भाग करून फिकट निळा वापरावासा वाटेल, पण ओकाबे-इतोंचा फिकट निळा १५८ येतो, नारिंगीच्या १६२ ला जवळजवळ चिकटतो. छापील अहवालात म्हणून गळतीच फोडावी, भर एकाच रंगात ठेवावी.

लेबलांकडे लक्ष द्या. गळतीचे आकडे इथे अधिक चिन्हाने आलेले आहेत, तर त्या दोन मालिकांच्या लेबलांना नंबर फॉरमॅटमध्ये उणे चिन्ह जोडून घ्या. जिथे मालिकेचा आकडा शून्य आहे तिथे नुसतं शून्याचं लेबल लटकतं, तेही फॉरमॅटमधूनच लपवता येतं. त्यासाठी अर्धविरामांनी तीन भाग करून तिसरा भाग रिकामा ठेवायचा. रंग ओळखता आला नाही तरी उणे चिन्हावरून अर्थ कळलाच पाहिजे.

ही पद्धत शिल्लक शून्याच्या वर असेपर्यंतच सरळ चालते. चालती शिल्लक मध्येच उणे होत असेल तर तळाचं सूत्र फसतं. तिथे तयार वॉटरफॉल चार्टच वापरा आणि बाजार-कारभार हा भेद नावातच लिहा.

आता खरं अवघड काम, प्रत्येक ओळीला प्रकार देणं. व्याज घ्या. बी महागली म्हणून कर्ज जास्त उचलावं लागलं असेल तर व्याज बाजाराच्या खात्यात जाईल. माल विकला पण उधारी वेळेत वसूल झाली नाही म्हणून कॅश क्रेडिट भरलेलंच राहिलं असेल, तर तेच व्याज कारभाराच्या खात्यात. आपल्या उदाहरणात व्याज बाजारात धरलं तर बाजारातली गळती ९.५ लाख आणि कारभारातली ६.० लाख होते. कारभारात धरलं तर ८.० आणि ७.५. चित्र पार बदलतं. हा निर्णय संगणकावर बसलेल्या माणसाने एकट्याने घेऊ नये. मालकाला आणि सीएला विचारून प्रकार ठरवावा, आणि कशाला काय धरलं ते चार्टखाली एका ओळीत लिहावं.

गूगल शीट्समध्ये

इन्सर्टमधून चार्ट घ्या, चार्टचा प्रकार वॉटरफॉल निवडा. इथे बेरजेच्या ओळी माहितीत ठेवायच्या नाहीत, शीट्स त्या स्वतः घालतं. कस्टमाइझ टॅबमधल्या सिरीज विभागात पहिली किंमत सबटोटल (बेरजेचा खांब) म्हणून धरण्याची खूण आहे आणि मधे सबटोटल घालायचीही सोय आहे. त्याच विभागात अधिक, उणे आणि सबटोटल या तिघांचे रंग वेगवेगळे देता येतात. खर्चाच्या चार्टसाठी अदलाबदल इथे अगदी सोपी आहे. मुंबईतल्या भागीदाराला मोबाइलवर तोच चार्ट उघडून दाखवायचा असेल तर हा मार्ग बरा.

अहवाल पाठवताना

वर्डमध्ये चार्ट चिकटवताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’चा पर्याय घ्या. ‘यूज डेस्टिनेशन थीम’ घेतला तर वर्डच्या फाइलची थीम लागू होते आणि एवढ्या विचाराने ठरवलेले रंग जातात.

समोरच्याकडे एक्सेल २०१३ किंवा त्याआधीचं असेल तर तयार वॉटरफॉल चार्टच्या जागी त्याला फक्त रिकामी चौकट आणि एक सूचना दिसते. सहकारी संस्था आणि छोट्या कार्यालयांत जुने संगणक अजून आहेत, म्हणून चार्ट पीडीएफमध्ये पाठवणंच सुरक्षित.

उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासूनच ठेवा. दहापासून सुरू केली तर तरंगते खांब मोठे आणि ठळक दिसतात हे खरं, पण १८ आणि १५ चे खांब ८ आणि ५ च्या प्रमाणात दिसतात आणि तीन लाखांची घट आहे त्याहून बरीच मोठी भासते. रंग कितीही नेमके दिले तरी तो चार्ट खोटं सांगतो.

    

शेवटी अहवालाचं एक पान काळ्या-पांढऱ्यात छापा, त्याची झेरॉक्स काढा, आणि ज्याने तो चार्ट आधी पाहिलेला नाही अशा कारखान्यातल्याच कुणाला तरी द्या. सगळ्यात मोठी गळती कुठली आणि नफा शेवटी वाढला की घटला, एवढंच विचारा. उत्तर अडखळत आलं तर गडद-फिकटपणाचे आकडे पुन्हा मोजा आणि चार्टखालची मराठी नावं पुन्हा वाचा. अडचण बहुतेक या दोहोंपैकी एकात सापडते.